सहा मिलिमीटरची चूक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे संस्थापक, आदरणीय मोठे साहेब, प्रमुख पाहुण्या, शहराच्या माजी नगररचनाकार, आम्हा सगळ्यांच्या बाईसाहेब, ज्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी कधी वापरलं नाही असे आजचे सत्कारमूर्ती, आमचे मिलिमीटरकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि त्यांची लेक, कामाचा दिवस अर्धा टाकून आलेले गवंडी, सुतार आणि काचकामवाले मित्र, माझे सहकारी, आणि बाहेरच्या दालनात चहा तयार आहे हे ठाऊक असूनही शांतपणे बसून राहिलेल्या सज्जनहो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी येताना कानात सांगितलं, "मॅडम, दहाच हं." मी वास्तुकार आहे. आम्ही दिलेल्या मुदतीत आजवर एकही इमारत उभी राहिलेली नाही, तेव्हा आपण मनाची तयारी ठेवावी.

काका आमच्या कार्यालयात चौतीस वर्षं प्रतिकृती बनवत आले. इथे काकूंच्या माहेरची मंडळीही आली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. वास्तुकार कागदावर इमारत काढतो. पण कागदावरची इमारत ज्यांना वाचता येत नाही, आणि पैसे देणारे बहुतेक लोक त्यातलेच असतात, त्यांच्यासाठी पुठ्ठा, लाकूड आणि पातळ फळ्या कापून तीच इमारत टेबलावर मावेल एवढी करावी लागते. ते काम काकांचं. आम्ही कागदावर वाटेल ते काढतो. ते हातात धरता येईल असं करून दाखवायचं म्हणजे गंमत नाही. "मॅडम, तुमची ही भिंत दोन मिलिमीटर हवेत आहे," असं काकांनी शांतपणे सांगितलं की आमचा चेहरा उतरायचा. नाव पडलं ते त्यावरूनच.

आता शनिवारबद्दल बोललं पाहिजे. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर चहाच्या टेबलावर तळहाताएवढी एक इमारत येऊन बसायची. जगात कुठेतरी कुणीतरी काहीतरी अचाट बांधलेलं असतं. काका मासिकातले फोटो बघायचे आणि आठवडाभर उरलेल्या पुठ्ठ्यांच्या तुकड्यांतून ते करायचे. ज्या माणसाने विमान आतून पाहिलेलं नाही, त्याने आम्हाला अख्खं जग त्या टेबलावर दाखवलं. विहिरीसारखं जमिनीत उतरत जाणारं वाचनालय, ज्याच्या पायऱ्यांवरच बसून वाचायचं. बांबू आणि मातीची गोल भिंतींची शाळा. प्रत्येक सज्ज्यात झाड असलेला मनोरा. ज्याच्या छपरावरून चालत चालत माणसं थेट पाण्यापर्यंत जातात असं नाट्यगृह. तळ्यावर खांबांवर उभं राहिलेलं संग्रहालय.

आणि प्रत्येकावर काकांची टिप्पणी. एक उंच इमारत वरपर्यंत पिळत गेलेली होती. काका म्हणाले, "याला कुणीतरी पिळलंय आणि वाळत घालायला विसरलंय." छपरावर गवत वाढवलेलं एक घर होतं. त्यावर काकांची शंका अशी, की छप्पर गळलं तर गवंड्याला बोलवायचं की माळ्याला? पूर्ण काचेचं एक घर करून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वास्तुकाराचा मेव्हणा पडद्यांच्या धंद्यात असणार."

या झाल्या हसण्यावारी न्यायच्या गोष्टी. पण टिंगल संपली की काका एक प्रश्न हमखास विचारायचे: "आत गेलेला माणूस टेकणार कुठे?" नुसता एवढाच प्रश्न. आणि आम्ही आठ-दहा पदवीधर त्या तळहाताएवढ्या इमारतीत टेकायला जागा शोधायला लागायचो. आकार वेडावाकडा करता येणं म्हणजे कल्पनाशक्ती, असं मला कॉलेजात वाटायचं. दुसऱ्याच्या पायांनी आपल्या इमारतीत शिरता येणं ही खरी अवघड गोष्ट आहे, हे मी त्या टेबलाशी शिकले. तेही फार उशिरा शिकले, आणि कसं शिकले ते आज सांगणार आहे. मोठे साहेब, ही गोष्ट तुम्हालाही पूर्ण माहीत नाही. बाईसाहेब, तुम्हाला तर मुळीच माहीत नाही, आणि माझी विनंती आहे की गोष्ट संपेपर्यंत आपण व्यासपीठ सोडू नये.

आमच्या कार्यालयाचं नाव ज्या इमारतीमुळे झालं ते नागरिक भवन आपण सगळ्यांनी पाहिलंय. दाखले, परवाने, नोंदण्या, सगळं तिथेच. त्याच्या खिडक्यांच्या दोन ओळी आहेत. एक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, दुसरी खाली, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीला. आईबाप रांगेत ताटकळतात तेव्हा मुलं खालच्या खिडक्यांना नाक लावून उभी असतात. त्या खिडक्यांचे फोटो जगभरच्या मासिकांत आले. मला परदेशात भाषणांना बोलावलं. एकाने तर लिहिलं, "तीन फुटांवरून शहर पाहणारी वास्तुकार." तो अंक माझ्या सासूबाईंनी अजून जपून ठेवलाय.

प्रत्येक भाषणात मला विचारतात, ही कल्पना सुचली कशी? आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी गोड सांगत आले. कधी माझ्या लहानपणाचं, कधी भाच्याचं. माझा भाचा त्या वेळी जन्मलाही नव्हता. आज खरं सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी या भवनाची स्पर्धा होती. मी इथे लागून जेमतेम वर्ष झालेलं, पण साहेबांनी मोठ्या विश्वासाने आराखडा माझ्यावर सोपवला. खिडक्यांची एकच ओळ होती, आणि तीही उंच, कारण मला भिंत सुंदर दिसायला हवी होती. प्रतिकृती एकास शंभर या प्रमाणात करायची होती. म्हणजे खरा एक मीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर. त्यात माणसं ठेवावी लागतात, म्हणजे इमारत केवढी आहे ते कळतं. ही माणसं तयार मिळतात. प्रत्येक प्रमाणाची वेगळी, वेगवेगळ्या पत्र्याच्या डब्यांत. एकास शंभरचा माणूस साधारण सतरा मिलिमीटर उंच. एकास दीडशेचा अकरा. फरक सहा मिलिमीटर.

परीक्षणाच्या दिवशी सकाळी कडेची एक काच निखळली. काकांचे दोन तास त्यात गेले. वरच्या मजल्यावरची माणसं आदल्या दिवशीच लागली होती. प्रवेशाजवळची रांग राहिली होती. गाडी खाली उभी, मी डोक्यावर उभी. आधीचा डबा संपला होता, म्हणून काकांनी फळीवरचा दुसरा उघडला, चिमट्याने तीस माणसं पटापट चिकटवली आणि वर कापड टाकलं.

परीक्षकांसमोर कापड काढलं. वर मोठी माणसं, आणि दारात तीस बुटकी. खिडकीची कड त्यांच्या डोक्याच्या वर. मी कापड परत टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा पुढे झाल्या. त्या आज माझ्या उजव्या हाताला बसल्या आहेत. त्या वाकल्या, चष्मा सावरला, आणि विचारलं, "ही मुलं आहेत का?"

मी म्हणाले, "हो."

"मग यांना या खिडकीतून काय दिसतं?"

"आत्ता काही नाही. म्हणून त्यांच्यासाठी खाली दुसरी ओळ आहे."

"कुठे आहे?"

"नकाशात येतेच आहे," मी म्हणाले.

बाईसाहेब हसतायत. म्हणजे मी इथून धडपणे घरी जाईन. बाईसाहेब, तुम्ही त्या दिवशी बाकीच्यांना म्हणालात, "सरकारी कचेरीत मुलंही येतात हे लक्षात ठेवणारी पहिलीच मुलगी बघतेय मी." मी मान खाली घातली. आपण तो विनय समजलात.

खोटं बोलून झालं होतं, आता ते खरं करत बसायचं होतं. आठवड्याने पहिला क्रमांक आला आणि खालच्या खिडकीची उंची कुणालाच ठरवता येईना. तेव्हा काकांनी पुठ्ठ्याची भिंत केली, खऱ्या उंचीची, खालच्या भागात खिडकी कापून. आणि सगळ्यांना गुडघ्यांवर चालायला लावलं. मोठे साहेबसुद्धा गुडघ्यांवर चालले. तेवढ्यात बँकेचे अधिकारी आले होते, त्यांनी दारातूनच विचारलं, "नंतर येऊ का?" त्या दिवशी ठरलेली उंची आजही त्या भवनात आहे.

इथवर गोष्ट मजेची आहे. पण मधला आठवडा मी गाळला. तो सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

परीक्षणाहून परतले ती रागाने लाल होऊन. निकाल लागायचा होता, आणि मला खात्री होती की नकाशे तपासले की माझं खोटं पकडलं जाणार आणि सगळं हातचं जाणार. राग माझ्या नाकावर असतो, हे माझ्या घरच्यांनी आणि तीन ठेकेदारांनी अनुभवलंय. मी सरळ काकांच्या खोलीत गेले. तिथे सगळे जमलेले. वयाने माझ्या वडिलांएवढ्या माणसाला मी सगळ्यांदेखत म्हणाले, "डब्यावर लिहिलेलं वाचता येत नाही? तुम्हाला डोळे आहेत की नाहीत?" टेबलावरचा तो डबा उचलला, माझ्या कपाटात आदळला आणि कुलूप लावलं. पुरावा म्हणून.

काका म्हणाले, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी ते चष्मा लावून आले. आठवड्याने निकाल आला, आम्ही नाचलो, सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली, "काका, काय लकी चूक केलीत!" मीही थोपटली. पण ते वाक्य कुणी परत घेतलं नाही. मी तर नाहीच नाही. जिंकल्यावर कसली माफी मागायची, असं मला तेव्हा वाटलं असावं.

त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत सुरू झाली. प्रतिकृती पूर्ण झाली की काका स्वागतकक्षातल्या ताईंना हाक मारायचे. ताई पट्टी घेऊन यायच्या आणि प्रत्येक मोजमाप पुन्हा तपासायच्या. त्याला आम्ही "दुसरे डोळे" म्हणतो. नव्या मुलांना मी अभिमानाने सांगायचे, बघा, किती शिस्तीचा माणूस. ताई आता इतक्या तयार झाल्यात की मागच्या महिन्यात त्यांनी फोनवर बोलता बोलता माझ्या जिन्याची एक पायरी कमी असल्याचं सांगितलं. आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो. काकांनी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवणं सोडलं होतं, हे एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात यायला हवं होतं. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक फार मोठे परदेशी वास्तुकार आले होते. चुरगळलेल्या कागदासारखं दिसणारं एक संगीतगृह त्यांनी बांधलंय. योगायोगाने तो शनिवार होता आणि टेबलावर त्यांचंच संगीतगृह. त्यांनी ते हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं, आणि विचारलं, किती दिवस लागले? काका म्हणाले, "मला काय, कागद चुरगळला की झालं. या बिचाऱ्यांना ते लोखंडात करायला लागलं." दुभाष्याने भाषांतर केलं तेव्हा ते गृहस्थ खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. जाताना त्यांनी काकांना आपल्या कार्यशाळेत वर्षभर यायचं निमंत्रण दिलं. जाण्यायेण्याची, राहण्याची, सगळी सोय.

काका नाही म्हणाले. साहेबांना वाटलं, पगारवाढ हवी असेल. मला वाटलं, काकूंना सोडवत नसेल. काकू, तुम्ही तिथे बसल्या बसल्या मान हलवताय, म्हणजे तुम्हाला खरं कारण माहीत होतं.

यंदा त्याच कार्यशाळेतून पुन्हा पत्र आलं. तीन महिन्यांसाठी या, म्हणतात. त्यांच्याकडची मुलं पडद्यावर काय वाट्टेल ते वळवतात, यंत्रातून छापून काढतात, पण हाताने काही करून बघत नाहीत. त्यांना शिकवा. सोबत काकूंचंही तिकीट. मी सोमवारी नाचत काकांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, त्यांना कळवा की हा माणूस कामाला चांगला होता, पण डोळ्यांचा भरवसा नाही. एकदा फार मोठी चूक झालीये माझ्या हातून. परक्या देशात जाऊन कार्यालयाचं नाव घालवायचं नाही मला."

एवढं म्हणून ते पुन्हा पुठ्ठा कापायला लागले. मी पत्राची घडी घालून परत फिरले.

मंगळवारी मी आजच्या समारंभासाठी जुने फोटो शोधत होते. कपाटाच्या तळाशी तो डबा सापडला. एकोणीस वर्षं मी तो उघडला नव्हता. आत ती बुटकी माणसं. शिल्लक उरलेली बारा. मी झाकणावरची धूळ पुसली. त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: एकास शंभर.

चूक डब्यावरच होती. आणि अक्षर माझं होतं.

मग सगळं आठवलं. स्पर्धेच्या महिनाभर आधी मी कुठल्याशा आराखड्यासाठी इवलीशी झाडं शोधत होते, आणि माझ्या हातून फळीवरचे चार डबे खाली पडले. माणसं सगळीकडे सांडली. मी घाईघाईने ती गोळा केली, झाकणांवरच्या चिठ्ठ्या फाटल्या होत्या म्हणून लाल पेन्सिलीने नव्याने लिहिलं, आणि कुणाला काही न सांगता डबे जागेवर ठेवून दिले. सांगितलं असतं तर मला धांदरट म्हणाले असते ना.

काका, तुम्ही त्या सकाळी झाकण वाचलं होतं. नीट वाचलं होतं. जे लिहिलं होतं तेच वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवून काम केलंत. तुमचे डोळे चुकले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या एकोणीस वर्षांतही नाही. ताईंना मी काल विचारलं, की एवढ्या वर्षांत काकांची किती मोजमापं चुकीची सापडली? त्या म्हणाल्या, "एकही नाही. पण ते बोलवायचे म्हणून मी जायचे."

काका, तुम्ही हात पुढे केलात. घ्या, हाच तो डबा. हो, नीट बघून घ्या. मंडळी, ते चष्मा काढून बघतायत, जरा थांबूया.

काय म्हणालात? माइकजवळ या.

काका म्हणतायत, "अक्षर तेव्हाही असंच घाणेरडं होतं."

हे मान्य आहे. नोंद घ्यावी.

मंडळी, मला या माणसाचा सत्कार करायचा होता, पण आधी त्याचं जे घेतलं ते परत द्यायला हवं होतं. परदेशातलं ते एक वर्ष मला परत देता येत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. बाईसाहेबांनी कृपया लक्षात घ्यावं, की यापुढे मला कुणी विचारलं, ही कल्पना सुचली कशी, तर मी डब्यासकट सगळं सांगणार आहे. माझ्या सासूबाईंना मात्र कुणी कळवू नये.

पत्राचं उत्तर उद्या द्यायचं आहे. मी काकांचा नकार अजून पाठवलेला नाही. तो त्यांनी ज्या कारणाने दिला ते कारण आज या डब्यात सापडलं, एवढंच मी म्हणते. बाकी निर्णय त्यांचा आणि काकूंचा. मी जोर करणार नाही. जोर करून बोलण्याचा माझा या बाबतीतला इतिहास बरा नाही.

मोठ्या साहेबांनी अध्यक्षपद भूषवलं, बाईसाहेब वेळात वेळ काढून आल्या आणि माझं खोटं एकोणीस वर्षांनी हसत ऐकून घेतलं, त्याबद्दल दोघांचे मनापासून आभार. सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्यांचे, ध्वनीवाल्यांचे, मगाशी पुष्पगुच्छ कुणाला द्यायचा हे विसरूनही न गडबडलेल्या सूत्रसंचालकांचे आभार. माझ्या बोलण्यात काही राहून गेलं असेल, कुणाचा उल्लेख चुकला असेल, दहाची बावीस मिनिटं झाली असतील, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. "तुम्हाला डोळे आहेत की नाहीत" या वाक्याची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. काका, ती तुमच्याकडे मागते. सगळ्यांदेखत बोलले होते, सगळ्यांदेखत मागते. चूक माझी होती. मला क्षमा करा.

एक मिनिट. काका काहीतरी विचारतायत. शांत राहा जरा, मागे ऐकू येत नाहीये.

काका विचारतायत, "तिकडे थंडी किती असते?"

फार असते, काका. काकू, स्वेटर काढून ठेवा. मी उद्या सकाळी पहिलं काम पत्राचं करते.

धन्यवाद.